अर्धं पाणी, अर्धं औषध

दादाला तुम्ही चाक दिलंत आणि माझ्या हातात नसराळं. ही तक्रार आधी ऐका, बाकीचं मागनं. तो वर ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग इकडंतिकडं फिरवायचा, तोंडानं हॉर्न वाजवायचा, आणि मी खाली ट्रकच्या तोंडाशी विटांवर उभी, रेडिएटरवर दोन्ही हातांनी नसराळं धरून. सरळ धर, सांडू नको, एवढंच तुमचं माझ्याशी बोलणं. पोरीला गाडी कशाला, असं तुम्ही तोंडानं कधी म्हणाला नाहीत, पण शिकवलीही नाहीत. दादानं पुढं जन्मभर कारकुनी केली, साधी स्कूटर घेतली नाही, बसच्या रांगेत म्हातारा झाला. आणि आता गाडीपायी एका पोरीचा जीव टांगणीला लागला, तेव्हा फोन आला तो मला.

आबा, मीच आहे, तुमची धाकटी. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढं निघून आले. आता समोर उभे राहिलात तर वाकून नमस्कार तुम्हीच मला कराल. मी मुलाकडं असते, सिंगापुरात, बाराव्या मजल्यावर. इथं थंडी नाही. म्हणजे एमआरटीच्या आगगाडीत आणि मॉलमध्ये आहे, तिच्यासाठी मी पिशवीत शाल ठेवते, पण बाहेर बारा महिने ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी हवा. मुलगा आणि सून सकाळी एमआरटीनं चांगीला ऑफिसात जातात, मग घर माझं. लसूण सोलते, खाली जाऊन बाकावर बसते, शेजारच्या चिनी म्हातारीशी हातवाऱ्यांनी भांडते. लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

फोन नातीचा होता. ती माझ्याच हातांत वाढली. आईबाप कामाला, ही माझ्या मांडीवर. मी मराठीत रागवायची, ती इंग्रजीत उलटून बोलायची, आणि दोघींना सगळं कळायचं. सायकल तिला मी शिकवली, म्हणजे मी नुसती ओरडत होते. पुलाउ उबीन बेटावर होडीनं गेलो होतो, भाड्याची सायकल घेतली, पहिल्याच वळणावर पोरगी लाल चिखलात आडवी. मी म्हटलं, ऊठ, गुडघा तुझा आहे, तूच बघ. ती रडत रडत म्हणाली, आजी, यू आर सो मीन लाह. पण उठली आणि संध्याकाळपर्यंत बेटभर हिंडली. आता ती कॅनडात आहे, संशोधन करते. कसलं ते मला तिनं समजावलं होतं, मी मान हलवली होती. राहते गावाबाहेर, जिथं बस दिवसातनं कधीतरी येते, म्हणून तिनं जुनी गाडी घेतली.

तिकडं थंडी सुरू व्हायच्या आधी पोरीनं सगळं नीट केलं होतं, हे मी तुम्हाला तिच्या बाजूनं सांगते. रेडिएटरचं पाणी गॅरेजमध्ये तपासून घेतलं, इंजिनात थंडीचं पातळ तेल भरलं, बॅटरी नवी बसवली. राहिली ती काच धुवायच्या पाण्याची बाटली. ती तिनं स्वतः भरली, इथं तिचा बाप भरतो तशी, नळाचं पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. इथं सगळे तसंच करतात. इथं त्या पाण्याला करून करून काय होणार, फार तर कोमट होईल. रात्रभर गाडी इमारतीच्या पोटात उबेला होती, त्यामुळं ते पाणी पाणीच राहिलं. सकाळी मोठ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकनं बर्फ वितळायला टाकलेल्या मिठाचा चिखल उडवला, हिनं दांडी ओढली, पाणी काचेवर गेलं आणि तिथंच गोठलं. अख्खी काच पांढरी, दुधाची साय धरावी तशी. पुढं काही दिसेना, मागनं गाड्या. तिनं बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि रस्त्याची कड बघत बघत गाडी बाहेर घेतली. कशी घेतली ते तिलाही सांगता येत नाही.

हे तिनं आईबापांना सांगितलं नाही. त्यांना म्हणाली, ऑल गुड. मला सांगितलं, आणि वर म्हणाली, आजी, डोन्ट टेल. तेव्हापासून गाडीला हात लावला नाही. शेजारीण सोडते, कधी कामाला जातच नाही, वरचे साहेब विचारायला लागलेत. आणि मग तिनं ते विचारलं. बोलली मराठीत, म्हणजे खरंच विचारत होती.

"आजी, मी परत येऊ का? तू हो म्हण, मी येते."

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, उद्या सांगते. कुकर लावलाच नव्हता.

फोन ठेवला आणि आबा, मला तुमचा तो ट्रक दिसला. पठाणकोटला ठेकेदाराच्या आवारात तुम्ही वरून उतरलात, लेहकडची फेरी करून. फौज सोडल्यावर सगळे साताऱ्याला परतले, तुम्ही तेवढे त्या सरदारजी ठेकेदाराच्या गाड्यांवर राहिलात आणि आम्हाला तिकडं नेलंत. मी तुमचा डबा घेऊन फाटकाशी उभी आहे. ट्रक आत येतो आणि त्याला पुढची काच नाही. तुमच्या बाजूला नुसती चौकट. तुमच्या तोंडाला फडकी गुंडाळलेली, भुवया धुळीनं पांढऱ्या, ओठ फुटून काळे पडलेले. मी विचारते, काच कुठंय? तुम्ही खाली उतरता, बोटं काखेत धरता आणि म्हणता, "धुवायला दिलीय." बाकीचे ड्रायव्हर हसले, मी तर पोट धरून हसले. घरी जाऊन आईला सांगितलं, आबांनी काच धोब्याला दिली. आई हसली नाही. तिनं तुमच्या ताटात तूप जरा जास्त वाढलं आणि त्या दिवशी बटाट्यावरून भांडली नाही.

बटाट्याचं भांडण तुम्हाला आठवत असेल. काचेवर बर्फ धरू नये म्हणून तुम्ही बटाटा कापून आतला भाग काचेवर घासायचात, आणि तो न्यायचात आमच्या घरातनं. आई म्हणायची, भाजीला नाही आणि गाडीला आहे, गाडीलाच बायको करा. तुम्ही खिशात आणखी एक टाकायचात.

ती काच तुम्ही स्वतः फोडली होती, हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं तो विनोद मी लोकांना सांगत आले. लग्नात सांगितला, सुनेला सांगितला, नातीला तर झोपवताना सांगितला. तुम्ही घाटात होतात, काच पांढरी झाली, समोर काही दिसेना, एका बाजूला दरी, आणि तुम्ही पान्ह्यानं काच फोडून तो वारा तोंडावर घेत गाडी खाली आणलीत. खाली येऊन म्हणालात, धुवायला दिलीय. पोरगी म्हणाली, ऑल गुड. एकाच मातीची माणसं तुम्ही. वरनं एखादं कार्ड आलं तरी त्यात सगळं ठीक, तुम्ही कसे आहात. आम्हाला काय होणार होतं, आम्ही चुलीपाशी होतो.

मला नसराळंच का दिलंत, त्याचाही मी त्या दिवशी विचार केला. दादाचं चाक खेळातलं होतं, माझं नसराळं खरं होतं. दिवाळीच्या आधी सगळ्या गाड्या वर जायला तयार करायच्या असत. रेडिएटर रिकामा करायचा, धुवायचा, मग पाणी गोठू नये म्हणून ते हिरवं औषध भरायचं. ते मिळालं नाही तर वर मुक्कामाला पाणीच काढून टाकायचं आणि सकाळी गरम करून ओतायचं. इंजिनातलं तेल डब्यात काढून शेगडीपाशी ठेवायचं, बॅटरी घोंगडीत गुंडाळून आपल्या अंथरुणात घ्यायची. आई म्हणायची, माणसापेक्षा बॅटरी बरी. ते औषध दिसायला सरबत, आणि वासही गोडसर. एकदा नसराळ्यावरनं बोटावर आलं आणि मी बोट तोंडाकडं नेलं. तुम्ही थोबाडीत दिलीत. आयुष्यात एकदाच. मग माझा हात साबणानं इतका घासलात की सालटं निघाली, आणि म्हणालात, गोड आहे म्हणूनच मारतं. दुसऱ्या दिवशी बाजारातनं नवं कोरं नसराळं आणलंत, म्हणालात, हे घरचं, गाडीचं नाही. तेच अजून माझ्याकडं आहे. कडेला चेपलंय. तेलाच्या पिशवीतनं बाटलीत तेल ओतते, सून म्हणते नवीन आणू, मी म्हणते तुझं नवीन तुला ठेव.

आणि त्या औषधात तुम्ही पाणी मिसळायचात, बरोबर अर्धं. मी तुम्हाला भेसळवाला गवळी म्हणायची. चांगलं महागडं औषध, त्यात पाणी घालून ठेकेदाराला फसवता? तुम्ही म्हणायचात, नुसतं औषध आधी गोठतं, पाणी घातलं की गोठत नाही. मी म्हणायची, काहीही. पाणीच तर गोठतं. तुम्ही म्हणायचात, बरं बाई, तू म्हणशील तसं, आणि अर्धं पाणी ओतायचात. मी शेवटपर्यंत मानलं नाही. पठाणकोटला आपल्याकडं कुठं बर्फाची पेटी होती दाखवायला.

आता आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं झाल्यावर मी मुलाच्या गाडीतली, पाणी न मिसळलेल्या औषधाची बाटली आणली. खाली वाहनतळावर एकटी म्हातारी डिकीत डोकं घालून बसलेली बघून वॉचमन आला, मी म्हटलं माय सन, माय कार, गो. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत नुसतं औषध, एकीत अर्धं अर्धं. तुमचं नसराळं मात्र वापरलं नाही, कागदाचा कोन केला. झाकणांवर पेनानं फुल्या मारल्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि मटाराच्या मागं फ्रीजरमध्ये सारल्या, थंडीचा आकडा होता तेवढा खाली नेला.

सुनेला सापडल्या. ती शांत बाई आहे, आवाज चढवत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते.

"आई, मटारापाशी हे हिरवं काय आहे?"

"माझ्या बापाचं औषध."

"प्यायचं?"

"प्यायलीस तर मरशील. गोठतंय का बघतेय."

 ती बाजूची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, चला, बघू. इंजिनियर आहे ना, तिलाही राहवेना. पाण्याचा दगड झाला होता. नुसतं औषध जाड झालं होतं, रवाळ, बरणी आडवी केली तरी जागचं हलेना. आणि तुमचं अर्धं पाणी अर्धं औषध बरणीत इकडून तिकडं डुचमळत होतं, जसं काही बाहेरच ठेवलंय. मी ती बरणी किती वेळ हलवत बसले कोण जाणे. सुनेनं विचारलं, आई, काय झालं? म्हटलं, लसणाचा हात लागला डोळ्याला. मग तिनंच तिन्ही बरण्या नीट बांधून नेल्या, फ्रीजर पुसून काढला आणि मटार फेकून दिले. मला कुणाला तरी सांगायचं होतं, की ते खरं बोलत होते. सांगायला कोण आहे? दादा गेला, आई गेली. तुम्हीच उरलात.

पोरीला फोन केला. हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, आजी, आय नो लाह, इकडं आता ते मिसळलेलंच मिळतं. मी म्हटलं, मिळू दे. तुझ्या पणजोबांना मिळत नव्हतं. मग मी तिला काचेची खरी गोष्ट सांगितली. ती लहानपणापासून त्या गोष्टीला हसायची.  यावेळी म्हणाली, त्यांनी फोडली? मी म्हटलं, हो, आणि पुढच्या फेरीला परत गेले. बाटलीतलं ते साबणाचं पाणी सगळं काढ, थेंब ठेवू नको, तिथं मिळतं ते थंडीचं निळं पाणी भर, नळीतनं निळं येईपर्यंत काचेवर मारत राहा. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नको. दिसेनासं झालं तर थांब, आणि थांबता आलं नाही तर काच फोड, काच मिळते दुसरी. सोमवारी गाडी काढ. जा आणि परत ये आणि मग मला सांग.

ती म्हणाली, म्हणजे येऊ नको?

मी म्हटलं, गुडघा तुझा आहे.

आज इथं मंगळवारची सकाळ आहे, म्हणजे तिकडं सोमवारची संध्याकाळ. ती कामावरून निघाली असेल. त्याच रस्त्यानं. मुलगा आणि सून गेले, फोन टेबलावर आहे, मी लसूण सोलून संपवला आणि मग काही सुचेना म्हणून हे लिहायला घेतलं. आई फाटकापर्यंत का यायची नाही, ते आता कळतं. ती म्हणायची, मला काम आहे. काम काही नसायचं. ती चुलीपाशी नुसती बसलेली असायची, आणि ट्रकचा आवाज आला की पटकन पिठात हात घालायची.

हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता पोस्टाला माहीत नाही. नसराळ्याच्या आत गुंडाळून फडताळात ठेवीन. एक सांगते, ते सुनेलाही सांगितलं नाही आणि त्या पोरीला तर नाहीच नाही. तिनं येऊ का विचारलं तेव्हा कुकरचं निमित्त मी विचार करायला केलं नव्हतं. ये म्हणून तोंडातनं निघालंच होतं, ते आत ढकलायला केलं होतं. अजून आत आहे.

उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुमची उत्तरं मी ऐकली आहेत, काच धुवायला दिलीय आणि सगळं ठीक आहे. उत्तर तिनं द्यायचं, गाडी उभी करून, किल्ली हातात घेऊन, आणि खरं खरं.