साक्षीदार क्रमांक दोन

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने शिंपीण, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून, वकीलबाईंना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असं वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. उलट घरातल्यांनीच आजवर माझं सोसलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

कलम १. माझं राहतं घर, शिलाईच्या कमाईतून उभं केलेलं, मागचं परस वगळून, माझ्या एकुलत्या एक मुलीला. बँकेत जे काही निघेल तेही तिलाच. तिने माझं सगळं केलं. कुरकुर करत केलं, पण केलं. मोठी कात्री तिची. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, हे तिला लहानपणापासून सांगत आले आहे आणि इथे पुन्हा लेखी सांगते.

कलम २. शिलाई मशीन, दुकानात माझ्या शेजारी बसून काज-बटणं करणाऱ्या बाईला. मशीन कापड जरा उजवीकडे ओढतं, पण तिला त्याचे सगळे नखरे ठाऊक आहेत. तिच्याशी माझं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं. ती आली नाही तर मला करमायचं नाही.

कलम ३. मागचं परस. हे कलम लांबणार आहे, तेव्हा वकीलबाईंनी पाठ टेकून बसावं.

परस म्हणजे पाण्याच्या टाकीमागची ओलसर पट्टी आणि तिच्यात माजलेली रानमोहरी. मुलीला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. "आई, तणाला कोणी जागा राखून ठेवतं का?" असं ती विचारते. मी ठेवते, कारण थंडी सरता सरता वर्षातली पहिली पांढरी फुलपाखरं त्या तणावर येतात.

त्यांत दोन जाती. एक साधी पांढरी, कोबीच्या वाफ्यावर कुठेही दिसणारी. दुसरी शिरांची पांढरी, जी आमच्याकडे क्वचितच सापडते. उडताना दोघी सारख्या. मोसमाच्या सुरुवातीला तर पंखांच्या टोकाचा काळसर डागही इतका फिका असतो की वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते पंख मिटल्यावर. शिरांच्या पांढरीला मागच्या पंखाच्या खालच्या अंगाला हिरवट राखाडी रेघा असतात. कापड घेताना मी आधी उलटी बाजू बघते, तसंच हे. ऊन असेतो फुलपाखरू पंख उघडे ठेवून शेकत बसतं, ढग आला की मिटतं. म्हणून सगळे उन्हाची वाट बघतात तेव्हा मी ढगाची बघते. आमच्या फुलपाखरू मंडळात कोणी बोट दाखवून नाव घ्यायला लागलं की मी म्हणते, "थांबा, मिटू दे." त्यावरून मंडळाने माझं नाव थांबाबाई ठेवलं आहे. मला ते आवडतं, हे मी त्यांना कळू दिलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ लग्नाचे फोटो काढतो. नवरी हसली की टिपली, असा त्याचा धंदा. थांबणं त्याच्या अंगात नाही. परसातली दोन स्टुलं आमची, एक त्याचं आणि एक माझं. एका वर्षी मोसमाच्या अगदी सुरुवातीला आम्ही तिथे बसलो असताना एक पांढरी रानमोहरीवर उतरली. त्याने पंख उघडे असतानाच फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, शिरांची." मी म्हटलं, "थांब." ढग काही आला नाही. ती उडाली ती भिंतीपलीकडे.

मंडळाचा नियम असा की दुर्मीळ जातीची नोंद दुसऱ्या साक्षीदाराशिवाय धरत नाहीत. भावाने ती शिरांची म्हणून नोंदवायला दिली, तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर चिटणीसांनी मला विचारलं. मी सांगितलं, "पांढरी होती, एवढंच पाहिलं." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. भाऊ म्हणाला, "सख्खी बहीण असून साक्ष देत नाहीस?" आणि कॅमेरा गळ्यात अडकवून चालू लागला.

तेव्हापासून त्याने या घरात पाऊल टाकलेलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मात्र कार्यालयात येऊन त्यानेच काढले, झकास काढले. त्या अख्ख्या अल्बममध्ये मी नाही. एका फोटोत माझं कोपर आहे.

आज कोणी विचारलं तरी मी तेच सांगेन. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणणं मला जमणार नाही, भावासाठीही नाही. पण मला माझा भाऊ परत हवा आहे. हे त्याला समोरासमोर सांगणं मला आजवर जमलेलं नाही, म्हणून लिहवून घेते. परस, टाकी, रानमोहरी आणि दोन्ही स्टुलं त्याला द्यावीत. अट एकच: दर मोसमाच्या सुरुवातीला त्याने तिथे येऊन बसावं. फोटो हवे तसे काढावेत.

कलम ४. माझं भिंग मंडळाच्या चिटणीसांना. यापुढे त्यांनी बहिणीला भावाच्या विरुद्ध चारचौघांत उभं करू नये. बाजूला घेऊन विचारावं.

सहीपूर्वीची नोंद. मजकूर वाचून झाल्यावर वकीलबाईंनी दोन साक्षीदार मागितले. एक शेजारचे डॉक्टर. दुसरा कोण, असं विचारल्यावर मी भावाचं नाव घेतलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला मिळायचं ते जातं," त्या म्हणाल्या. "परस तरी, नाहीतर सही तरी." मी मुलीला म्हटलं, "मामाला फोन कर. दोन्ही सांग. त्याचं त्याला ठरवू दे."

तो आला. केस सगळे पांढरे झालेत. उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "परस नको मला. सही करतो."

"अरे, मग तिथे फरशी पडेल," मी म्हटलं.

मुलगी मागून म्हणाली, "मामा येऊन बसणार असेल तर मी कशाला फरशी घालतेय? गाडी राहील रस्त्यावर."

सबब कलम ३ मधली भावाला दिलेली देणगी मी रद्द करते. परसही मुलीचंच, तिथे फरशी न घालण्याचं तिने सर्वांसमोर कबूल केलं आहे. कलमातला बाकी मजकूर मी खोडू दिलेला नाही. तो भावाने वाचला आहे, दोनदा.

मग त्याने वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदाराने करायचं काय असतं?"

"ताई सही करताना तुम्ही बघायचं. पुरी होईपर्यंत."

"मग थांबतो," तो म्हणाला, आणि परसातलं आपलं स्टूल उचलून आत घेऊन आला. मला हल्ली सहीला वेळ लागतो. त्याला घाई नाही.

स्थळ: माझ्या घराची मागची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: रानमोहरीला पहिली फुलं आली तो दिवस. खरी तारीख वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार क्रमांक एक, शेजारचे डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीत आहेत. मी तपासून खात्री केली. तपासताना त्यांनी माझ्या शर्टाची उसवलेली शिवण दाखवली. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन, धाकटा भाऊ, स्वतःच्या हस्ताक्षरात: ताईने सही केली ती मी शेवटच्या रेघेपर्यंत थांबून, माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती शिरांचीच होती. (सही)