आईचं कुत्रं

चौल,
सोमवार, २२ डिसेंबर

चि. निकेत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्हीही सगळे बरे असाल. तारेच्या कुंपणापलीकडून मुलांचा आवाज येतो, त्यावरून कळतं. हाकेच्या अंतरावरच्या भावाला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण तू फोन उचलत नाहीस आणि मी कुंपणाशी आले की आत निघून जातोस. सदू तुझ्याकडे नारळ उतरवायला येणार आहे, त्याच्या हाती देते.

सुपारी यंदा बरी आहे. आईचा गुडघा थंडीने धरतो. नाताळसाठी तुझ्या सगळ्या कॉटेज भरल्या असं सदू सांगत होता. चांगलं झालं. टोमणा नाही, खरंच म्हणते.

गोठा मात्र रिकामा आहे. पहाटे मी अजून चरवी घेऊन जाते आणि दारातूनच परत येते. कपिली गेली, तिची कालवड गेली, दुधाचा रतीब बंद पडला. त्या रतिबावर आमचं दोघींचं चालत होतं हे तुला मी सांगायला नको. तुझ्या पाहुण्यांना 'घरच्या गाईचं दूध' म्हणून कौतुकाने पाजायचास, तेही कपिलीचंच.

भरपाईचा माझा अर्ज अपात्र ठरला. कारण लिहिलंय, 'कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू.' कुत्र्यांनी मारलं तर वन खातं काही देत नाही. रानातल्या त्याने मारलं तर देतं.

पंचनाम्याला आलेला वनरक्षक घाटावरचा, नवा. मी कपिलीचं डोकं मांडीवर घेऊन गोठ्यात बसले होते, मला कशाची शुद्ध नव्हती. बाहेर त्याने आईला विचारलं, "आजी, काय आलं होतं?" आई म्हणाली, "कुत्रं आलं व्हतं बाबा. मोठं कुत्रं." त्याने तेच लिहून घेतलं. त्याचा काय दोष? आईच्या माहेरी, माणगावकडच्या डोंगरात, रानातल्या त्याचं नाव घेत नाहीत, कुत्रं म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? चौलात ते फक्त आपल्या घराला ठाऊक. लहानपणी आपल्या मोत्याला चुकून कुत्रं म्हटलं म्हणून आईने तुला पाठीत धपाटा घातला होता, आठवतं? मोत्याला मोत्याच म्हणायचं. कुत्रं म्हणजे तो.

आणि तू तिथे उभा होतास. वनरक्षकाने तुला विचारलं, "बरोबर आहे का?" तू म्हणालास, "आईने डोळ्यांनी पाहिलंय, ती सांगते ते खरं." आणि पंच म्हणून सही केलीस. किती हुशार आहेस रे! एक शब्द खोटा बोलला नाहीस. मग पाहुणे येणार म्हणून सगळ्या अंगणात पाणी मारून घेतलंस. पावलांचे ठसे होते, तेही गेले.

मला तुझी भीती कळते. वाडीत तो फिरतो असं पसरलं तर नाताळात तुझ्याकडे कोण उतरेल? पण निकेत, त्या पहाटे आईची किंकाळी ऐकून तू बॅटरी घेऊन धावत आलास, तेव्हा तो गोठ्याच्या दगडी गडग्यावर होता. ठिपके दिसले, शेपूट दिसली. पलीकडे उडी मारून गेला. तू माझा दंड घट्ट धरलास आणि कुजबुजलास, "ताई, कुत्रं." इतका मोठा बाप्या झालास, पण घाबरल्यावर तुझ्याही तोंडून आईचाच शब्द आला. तो कसा विसरलास?

कचेरीत मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, अर्जदाराचं म्हणणं धरता येत नाही. ज्याने पंच म्हणून सही केली त्याने येऊन जबाब दुरुस्त करावा, नाहीतर आजीने स्वतः सांगावं काय पाहिलं ते. 'जनावर', 'मोठं', 'ठिपक्यांचं' असलं काही चालणार नाही, स्पष्ट नाव पाहिजे. शुक्रवारी शेवटची सुनावणी, मग प्रकरण बंद.

मी आईला हे सांगायलाच नको होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येते. मी घेते नाव." चांगदेवमामाने रानात हसत हसत त्याचं नाव घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची फक्त घोंगडी सापडली, हे तिने आपल्याला कितीदा सांगितलंय. तिच्या लेखी नाव घेणं म्हणजे बोलावणं. काल तिने पेटीतलं नवं लुगडं वर काढून ठेवलं. तांब्याचा हंडा तुझ्या दिपालीला द्यायचा म्हणाली. मी ओरडले, तर म्हणते, "माझं आता काय ऱ्हायलंय? येल तर माज्याकडं येल. तुजा गोठा तरी भरंल." चुलीपुढे बसून सराव करते. "वा" म्हणते आणि पदर तोंडात कोंबते. पुन्हा "वा" म्हणते. मला ते बघवत नाही रे. जेवण जवळजवळ सोडलंय तिने.

तिला नेलं नाही तर दारात दुसरी गाय येत नाही. नेलं तर ती नाव घेईल, आणि घरी येऊन खाटेवर पडून त्याची वाट बघत राहील. तो येवो न येवो, ती त्या भीतीनेच जाईल. मी काय करू? कोणाच्या पाया पडू? तुझ्याच पडते, धाकटा असलास तरी.

शुक्रवारी तू ये. तू शिकलेला आहेस, सरकारी नाव घे त्याचं, तुला काही होत नाही. नाताळ तोवर उरकलेला असेल. आईच्या तोंडून ते निघायच्या आत तू बोल.

एवढं पत्र लिहिलं, पण मीही ते नाव कुठे लिहिलेलं नाही, बघ. हात धजला नाही. पण आईच्या आधी कोणीतरी घ्यायलाच हवं, म्हणून आता लिहिते.

वाघ. बिबट्या वाघ.

यायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आणि तू आईकडे ये.

तुझी ताई,
विनिता