सतरा नंबरची वार

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार (बसूनच घातला आहे, पाठ धरली आहे). तुझी तब्येत कशी आहे? छकुली दूध नीट पिते का? सासूबाईंचं 'पोटभर जेवलीच नाही, म्हणून पोर एवढीशी' अजून चालूच आहे का? माझं विचारशील तर नोकरी शाबूत आहे, अब्रू गेली.

झालं असं. छकुली जन्मली तेव्हा जेमतेम पावणेदोन किलो भरली, म्हणून तिला पोटात पोसणारी वार तू आमच्या प्रयोगशाळेला तपासायला दिलीस. मोजणाऱ्याला नमुना कुणाचा हे कळू नये म्हणून डब्यावर नुसता नंबर असतो, तुझा सतरा. पण तो डबा दवाखान्यातून मीच मांडीवर घेऊन आलो होतो (खड्डे चुकव म्हणून टॅक्सीवाल्याचं इतकं डोकं खाल्लं, की त्यानं मलाच अर्ध्या वाटेत उतरवलं), तेव्हा मला काय कळायचं राहिलं होतं?

बारा वर्षं मी वारेच्या चकत्या कापतोय, कधी काही वाटलं नाही. सतरा नंबरचं झाकण उघडलं आणि मी चक्क उठून उभा राहिलो. लहानपणी तुझ्या कंपासपेटीला हात लावला तरी धपाटा बसायचा, इथे तर सुरी चालवायची! शेवटी "ताई, रागावू नकोस हं," म्हणालो आणि कापलं. नेमक्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागे उभ्या. "नमुन्याची परवानगी घ्यायची नसते," म्हणाल्या. तेव्हापासून सफाईवाल्या मावशीसुद्धा फळी पुसताना त्या डब्याला "ताई, जरा सरका," म्हणतात.

पुढे रक्तवाहिन्यांच्या भिंतींची जाडी मोजायची होती. डोळे सारखे भरून येत होते (औषधाचा वास, दुसरं काय). सूक्ष्मदर्शकात एक दांडगी काळी भिंत दिसली. तीनदा मोजली, वहीत लाल शाईनं लिहिली, मॅडमना बोलावून दाखवली. तो माझ्या पापणीचा केस निघाला. सतरा नंबर माझ्याकडून काढून घेतला गेला आणि मी सध्या बाटल्या धुतो.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बाटल्याधुव्या भाऊ

ता. क. मॅडमनी स्वतः मोजलं. वारेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती खरंच जाड झालेल्या, आतली वाट दोऱ्याएवढी. तू जेवलीस गं, पण ते छकुलीपर्यंत पोचायला वाटच नव्हती. तुझी काही चूक नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं.

आणखी ता. क. हे पत्र खरं तर सासूबाईंसाठी आहे. त्या बोलतात आणि तू मान खाली घालून ऐकतेस, ते मला सहन होत नाही. वरची ता. क. त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच, मान वर करून. पापणीचं तेवढं सांगू नकोस.