रोहिणी नक्षत्र आणि गोळीसोडा

३ मे १९५४, अर्जुनी
रोजनिशी एक जानेवारीपासून लिहिणार होतो. लाज वाटते. पण वही सापडत नव्हती, सापडली तेव्हा शाई नव्हती.
यादोराव मामांनी मला वाढवलं, बाराखडी शिकवली. दोन वर्षं भटकून परत आलो, तर मामा जेवल्याचंही विसरतात. डॉक्टर म्हणतो, डोक्याच्या नसा कडक झाल्या, नागपूरला न्या. बारा तारखेला नेतो, असा सुलोचनामामीला शब्द दिला.

६ मे
फुटाण्याच्या पुडीवर वाचलं: 'कर्बाम्ल वायूने मेंदूच्या कठीण रोहिण्या...' पुढे कागद फाटलेला. मला तेवढंच पुरे. रोहिण्या म्हणजे नसा, कर्बाम्ल म्हणजे सोड्यातला गॅस. मुन्नालालच्या दुकानातून गोळीसोड्याची पेटी आणली. रिसर्च सुरू. मामांना रोज विचारायचं, मी कोण?

८ मे, सकाळी ७
मामांनी ढेकर दिला नि म्हणाले, चैतराम. बरोबर! एकाच बाटलीत.

११ मे
नागपूर पुढे ढकललं. रोहिणी नक्षत्र पंचवीसला लागतं. रोहिण्या रोहिणीतच मऊ होणार, हे उघड आहे. मामी म्हणाली, "कायले टाळून राहिला बाबू?" संशोधकाने वाद घालू नये.

१९ मे
इथल्या जवळच्या प्रतापगडच्या डोंगरावर गेलो होतो, उंचावरचा वायू तपासायला. एका दिवसाचे चार झाले. सोडा पाजायचा राहिला. तरी आज मामांनी नाव बरोबर सांगितलं. औषध मुरलं म्हणायचं.

२३ मे
पोस्टमन आला. मामा त्याला म्हणाले, ये चैतराम. मुन्नालाल रिकाम्या बाटल्या न्यायला आला, तोही चैतराम.
मामीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तू गेला तवापासून दारात जो येते, त्याले चैतरामच म्हणून राहिले हे. तुले मालूम नाही?"
रिझल्ट लिहिलेला वेगळा कागद फाडला. उद्या सकाळच्या छोट्या गाडीने नागपूर. नक्की.

२४ मे, सकाळी ११
जाग उशिरा आली. गाडी गेली. मामा घरात नाहीत. मामी तळ्याकडे धावली. घरी कोणीतरी हवं, म्हणून मी थांबलो. थांबलो म्हणून लिहितो आहे.

११.२०
आत्ताच स्टेशनचा हमाल झामसिंग आला, मामांचा हात धरून. म्हणाला, पहाटेपासून फलाटावर बसून होते, भाचा येणार म्हणत. मी पुढे झालो. मामांनी मला खालीवर न्याहाळलं, टोपी सारखी केली नि अदबीने विचारलं, "काहो पाहुणे, गाडीत आमचा चैतराम दिसला काय?"