उसना आवाज

सोमवार
ट्रंक रिक्षातून अर्धी बाहेर आली आणि अडकली. रिक्षावाला म्हणाला, पुस्तकं भरलीत की सासू? दोघंही हसलो. तेवढ्यात म्बाह दार्सोनो, सगळ्यांचे आजोबा, स्वतः ओट्यावरून उतरले आणि त्यांनी एक कडी धरली. सावल्यांच्या खेळात बाहुल्या नाचवणारा, त्यांचे आवाज काढणारा एवढा मोठा दलांग माझी ट्रंक उचलतोय! आजपासून त्यांच्यासाठी नवे खेळ मी लिहिणार. खोली कोरडी आहे, खिडकीबाहेर केळी. त्यांच्या बायकोनं, बु सुपींनी, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे आणून ठेवलं. हसल्या. बोलल्या नाहीत.

बुधवार
पहिला खेळ वाचून दाखवला. म्बाह म्हणाले, "पोरी, तुझा राजा तूच, चोर तूच, दासीही तूच. सगळं एकाच नळाचं पाणी. राजा आत शिरला की आधी आसन बघतो, चोर खिडकी बघतो, तुझे सगळे मेले चंद्र बघत बसतात."
बाजारात जाऊन कान उघडे ठेवले. तुगिनी शेंगदाण्याची चटणी घातलेली भाजी विकते. "नुसती बघून शिळी करू नकोस गं, घे!" स्वतःचं मत कधी देत नाही, सगळं "माझी जाऊ म्हणते". दासीचं बोलणं तिच्यावरून पुन्हा लिहिलं. म्बाह खूश. कोण ही बाई, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

शनिवार
दुपारी तालीम. दासीची बाहुली बोलली. ती नक्कल नव्हती. तुगिनीच होती, दोन वाक्यांमधल्या श्वासासकट. मी टाळ्या वाजवल्या. मग हात थांबले.

सोमवार
तुगिनी खुणांनी भाजी विकते आहे. जावेनं सांगितलं, म्बाह येऊन गेले, आवाजाची स्तुती केली, थोडा उसना देशील का म्हणाले. ती हो म्हणाली. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही कोण म्हणतं? आपण हो म्हणतो आणि मग करत नाही, एवढंच.
घसा बसला असेल.

मंगळवार
आज राणीची बाहुली हसली. बु सुपी पडद्यामागे बसल्या होत्या. ओठ मिटलेले. गालांवर पाणी.
त्यांनाही कधीतरी विचारलं असणार.

गुरुवार
अंगणात म्हशीचं कातडं ताणलंय. त्यावर कोरायला घेतलेली नवी बाहुली. तरुण मुलगी. मान माझ्यासारखी कलती —
मला विचारतील. नाही म्हणायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. नाही, म्बाह. नाही.

शुक्रवार
विचारलं. चहा पिताना, सहज. बु सुपींनी टेबलाखाली माझा हात आवळला. नखं रुतली.
मी मान झुकवली आणि — हो, म्बाह.
तोंड आधी बोललं. मी मागून पोहोचले.
म्हणजे मी दिला नाही — नुसतं म्हटलं —
उद्या पहिल्या बसनं आईकडे.

शनिवार, सकाळ
घसा दुखत नाही. तोंडातून काही येतच नाही.
उशाशी फोन नाही. तो म्बाहंच्या आतल्या खोलीत वाजला. आईच, एवढ्या सकाळी तीच. दाराला आतून कडी. आतून ऐकू येतं, मी तिला सांगते आहे — जेवते गं वेळेवर — नको, तू येऊ नकोस — खूप छान माणसं —
बाहेरून दार ठोठावलं. दोन्ही हातांनी.
आत मी हसले. काही नाही गं, म्हणाले, मांजर आहे, ते रोजच —