कुणाची ओळ ठेवू?

६ जानेवारी, सोमवार
कुपवाडला आजपासून रुजू! वडूजहून आणलेली बॅग सांगलीत खालाच्या, अम्मीच्या बहिणीच्या, घरी टाकली आणि स्कूटी दामटत वेळेआधी पोचले. दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचा प्रोग्राम लिहायचं काम आहे. खाली वर्कशॉप, वर आमची खोली. मालक वीरधवल सर, विट्याचा सीनियर मल्हार आणि मी. मल्हारने चहा पाजला. माणूस बरा वाटतो.

१० जानेवारी, शुक्रवार
मल्हार आणि मी एकाच प्रोग्रामवर काम करतो. दोघांनी एकच ओळ बदलली की दोघांचं काम जोडणारं गिट हे सॉफ्टवेअर अडून बसतं आणि विचारतं, कुणाची ओळ ठेवू? हाच मर्ज कॉन्फ्लिक्ट. तो टाळायच्या सवयी साध्या आहेत. सकाळी आधी दुसऱ्याचं ताजं काम उतरवून घ्यायचं, बदल छोटे ठेवायचे, एकमेकांना सांगायचं. मल्हारला हे सुचवलं तर तो नुसता हसला. तो न विचारता स्वतःची ओळ ठेवतो आणि माझी उडवतो.

१४ जानेवारी, संक्रांत
मल्हारने तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगितलं आणि दुपारी माझं आठवड्याचं काम पुसून टाकलं. टाकीची चाचणी फसली तेव्हा सरांपुढे म्हणाला, की पोरीचं काम लय कच्चं हाय. तळपायाची आग मस्तकात गेली. वर डोळ्यांत पाणी आलं, त्याचा जास्तच राग आला. याला धडा नाही शिकवला तर नावाची अर्फा नाही.

१५ जानेवारी
आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून सर्व्हरवर बसवली. आता गिट कुणाला विचारणारच नाही. दोघं एका जागी आले की अर्फा राहील, मल्हार जाईल. संध्याकाळपर्यंत त्याच्या एकोणीस ओळी गेल्या आणि मल्हारसाहेबांना पत्ता नाही. बस आता बोंबलत!

२० जानेवारी
मल्हार आला नाही. जिन्याखालच्या ज्या जागेसाठी आम्ही रोज भांडतो, तिथे त्याची गाडी नव्हती. हजेरीत त्याचं नावच नाही. सरांना विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, कोण मल्हार? चेष्टा वाटली. खरं सांगते, मजाही वाटली.

२२ जानेवारी
विट्याहून त्याची आई आली, अंबूबाई. पदर पिळत विचारत होत्या, की माझा मल्हार हितंच कामाला हाय न्हवं? घरात त्याची कापडं न्हाईत, फोटोत बी त्यो न्हाई. सरांनी पाणी देऊन त्यांना वाटेला लावलं. मी मान वर केली नाही.

२३ जानेवारी
अंबूबाई पुन्हा फाटकाशी. जवळ गेले. म्हणाल्या, पोरी, मी हितं कशापायी आले गं, ध्यानातच येईना. हातात भाकरीचं गाठोडं होतं.
मीच केलंय हे. त्याला धडा शिकवायचा होता, आईपासून तोडायचं नव्हतं.
स्क्रिप्ट जात नाही. पुसली की परत येते. आतली नावं तेवढी बदलता येतात. अदलाबदल केली. मल्हार राहील, अर्फा — तो आला की लगेच काढेन काहीतरी मार्ग.

२४ जानेवारी
मल्हार खुर्चीवर! आईशी फोनवर बोलत होता. जीवात जीव आला.
बाकी कुणी माझ्याकडे बघतही नाही. तोच तेवढा बोलला. पुसल्यावर माणूस कुठं पडतो ते म्हणे त्याने बघितलंय, आता तू बघून ये. स्क्रिप्टला कुणी हात लावायचा न्हाई.
माफी मागितली. पाया पडले. हसत होता —

२५ जानेवारी
पासवर्ड चालत नाही. अर्फा नावाचं कुणी नाही, असं येतं —
खालाने दार उघडलं. कोण पायजे बाई, म्हणाली.

२६ जानेवारी
अम्मीला फोन. आमाला पोरगीच न्हाई म्हणाली. तिच्याच आवाजात —

२७
स्टँडवर. आजचं पान उघडलं तर आधीच लिहिलेलं. मल्हारचं अक्षर. तारीख आजचीच —
मी लिहिते त्याच ओळीवर त्याची शाई उमटतेय. आम्ही दोघं, एका जागी — नको — मल्हार, ही एक ओळ तरी — माझं नाव अ