सरळ केलेला हेड

सौसर, दि. ३ मार्च १९८८

ती. मामाजींस,
सविनय जयभीम वि. वि.

आत्याबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली का? मीना रोज विचारते.

आमच्या शाळेत नवा कॉम्प्युटर आला. जुना अठरा तारखेला छिंदवाड्याला परत जाणार. नव्यात फ्लॉपीची चकती लागते, कॅसेट चालत नाही. मीनाच्या बाबांनी तिच्यासाठी लिहिलेला गणिताचा खेळ मात्र एका कॅसेटवरच आहे. जुन्या मशीनला टेप जोडला की मशीन कॅसेटची चिरचिर ऐकते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत त्यांचं बोलणं उमटते: मीनाबाई, घाई नका करू, बोटं मोजा. ते जाऊन दीड वर्ष झालं. फोटो आहेत, पण त्यांचं बोलणं तेवढ्यातच उरलं.

दिवाळीपासून कॅसेट लावलीच नव्हती. आठ दिवसांपासून लावतो तर मशीन नुसतं शोधत बसते, त्याला काही सापडत नाही. हेडमास्तर केशवराव म्हणाले, बाई, सरकारी मशीन चिरचिरीसाठी थांबत नसते. टेप तर तुम्हीच दिवाळीत दुरुस्त केलेला, गाणी खणखणीत वाजतात. मग कॅसेटच मेली का? मीनाला वाटते तिच्याच हातून काही बिघडलं. कंडक्टर नत्थूजींसोबत टेप आणि कॅसेट दोन्ही पाठवते आहे. हातचं काही राखू नका.

मीनाकडून तुम्हाला पापा. आमच्यावर सावली राहू द्या.
आपली, स्मिता

•

पांढुर्णा, दि. ९ मार्च १९८८

चि. सूनबाई स्मितास शालिकरामचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. तुझ्या आत्याबाईची पट्टी अजून आहे, म्हणून मला गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही, रेडिओचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून राहिलो. डोळे बांधले तरी तोंड मोकळंच आहे. कॅसेट लावली तर म्हणे, कढईत मोहरी कोण जाळून राहिलं?

पोरी, कॉम्प्युटरातलं मला ठो समजत नाही. पण तिगाव ठेसनावर हमाली करत होतो तेव्हा मालगाडी का पॅसेंजर, ते मी पाठमोरा सांगायचो. कान अजून शाबूत आहेत. तुझी चिरचिर मला बोथट लागली, गोधडीखालून आल्यासारखी. तेव्हा आठवलं. दिवाळीत मी टेप उघडला होता, तर आतला हेड, फीत वाचणारा तुकडा, तिरका दिसला. मनात म्हटलं, रेडिओवाल्याच्या घरचा टेप अन् असा? पेच फिरवला, सरळ केला. सगळ्यांना कौतुकानं सांगतही फिरलो.

माझ्या लेकानं, अनिलनं, कॅसेट भरली तेव्हा हेड तिरकाच होता. तिरक्यानं लिहिलेलं तिरक्यालाच वाचता येते. मीनाला सांग, तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते आजोबाचं.

घड्याळजीच्या पेचकसानं केस केस मागं फिरवत गेलो. चिरचिर सुईवानी टोचली तिथं थांबलो, अन् पेच हलू नये म्हणून वर लाखेचा थेंब टाकला. तीनदाच वाजवली. फीत झिजून राहिली, बोटाला तपकिरी भुकटी लागते. आता एखाददुसऱ्यांदा चालंल, जास्त नाही. लागला की खेळत बसू नका, आधी सगळं वहीत उतरून घे. मला झोप नाही, एवढं समज.

आमची आठवण धरून राहा.
शालिकराम

•

सौसर, दि. १४ मार्च १९८८

ती. मामाजींस,
सविनय जयभीम वि. वि.

परवा दुपारी खेळ लागला. मामाजी, तुमच्या कानाला तोड नाही. पण फीत संपता संपता टेपमध्ये गुरफटली. ओढून काढली तर चुरगळून तुटली, तुकडे चाकांत अडकले, त्यामुळे दुसऱ्या कॅसेटवर भरणंही जमेना. म्हणजे खेळ उरला तो फक्त मशीनच्या पोटात, अन् तोही वीज असेपर्यंत.

मीना म्हणाली, एकदाच खेळू दे. मी तिच्यावर ओरडले आणि एकेक ओळ पडद्यावर आणून उतरवू लागले. आकडे चुकत होते. तीच म्हणाली, आई, घाई नको करू. शंभरावर ओळी होत्या. त्रेचाळिसावी लिहिली आणि वीज गेली. तासाभरानं आली तेव्हा पडदा कोरा होता. मीना रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिला एकदा खेळू द्यायला हवं होतं का, सांगा.

एक गोष्ट लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. प्रोग्रामात काही ओळी मशीनसाठी नसतात. मशीन त्या ओलांडून जाते, पुढे कोणी उघडून वाचलं तर त्याच्यासाठी असतात. पहिलीच ओळ तशी आहे. जशीच्या तशी देते:

ह्या टेपचा हेड तिरका आहे. माझ्या बाबांना दाखवू नका, ते सरळ करतील.

रागावू नका. माया आहे तशीच असू द्या.
आपली, स्मिता

•

पांढुर्णा, दि. १७ मार्च १९८८

चि. स्मितास आशीर्वाद.

काल पट्टी सुटली. तुझ्या आत्याबाईनं नव्या डोळ्यानं पहिल्यांदा वाचलं ते तुझं पत्र. हसली. म्हणे, लेकानं बापाला बरोबर ओळखलं होतं. मग जे रडली, डॉक्टर माझ्यावर भडकले.

मीनाला खेळू दिलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नको. वहीत उतरव म्हणून मीच लिहिलं होतं. तेही माझ्याच खात्यात टाक.

येत्या रविवारी आम्ही दोघं तिकडं येऊन राहिलो. त्रेचाळीस ओळींत जेवढे प्रश्न असतील तेवढे मी मीनाला विचारीन, त्याच शब्दांत. त्याच्यापुढचे मला येत नाहीत.

टेप दुकानात पाठवू नको. तिरक्या हेडानं गाणी कितीही बोदी वाजली तरी माझ्या हाती देऊ नको. लाखेचा थेंब तसाच राहू दे.

तुमचाच,
शालिकराम